त्या वाटेवर दिवा असता तर

बारावीच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपासताना एक उत्तर पुन्हा पुन्हा समोर येतं. प्रश्न आर. के. नारायण यांच्या एका कथेच्या सेटिंगबद्दल, म्हणजे स्थळ-काळाबद्दल असतो आणि खाली लिहिलेलं असतं : 'द सेटिंग इज टाउन हॉल पार्क. द टाइम इज इव्हिनिंग.' उत्तर बरोबर आहे. गुण द्यायला हवेत आणि मी ते देते. पण लिहिणाऱ्याला त्या बागेत काय घडलं आणि ते नेमकं तिथंच का घडलं, हे उमगलं आहे का, याचा त्या दोन वाक्यांवरून काहीच अंदाज येत नाही. पुढं कॅरेक्टरखाली तीन विशेषणं येतात, थीमखाली एक सुविचार आणि प्लॉटखाली गाईडमधला सारांश. रकाने भरले की कथा झाली.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. बहुतेक मुलं मराठी माध्यमातून, आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून एसटीनं येणारी. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे बारावीला माझ्यापुढं बसणाऱ्या प्रत्येकानं अकरा वर्षं इंग्रजीचं पुस्तक हाताळलेलं असतं. वाचता येतं, बऱ्याच शब्दांचे अर्थ माहीत असतात. मात्र इंग्रजीत आली की गोष्ट गोष्ट राहत नाही, तिचा धडा होतो. मराठीत एखादी कथा वाचताना ज्या मुलाचा श्वास अडकतो, तोच मुलगा इंग्रजी कथा वाचताना पेन्सिलनं शब्दांखाली रेघा मारत असतो.

कथेचे घटक शिकवायलाच हवेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सेटिंग, कॅरेक्टर, कॉन्फ्लिक्ट (संघर्ष), प्लॉट (कथानक), पॉइंट ऑफ व्ह्यू (गोष्ट कुणाच्या नजरेतून सांगितली) ही नावं मुलांना आली पाहिजेत, कारण नाव आलं की बोट ठेवता येतं. पण हे घटक सुटे करून शिकवले, तर हाती नावांपलीकडं काही लागत नाही. त्यातला एक हलवला की दुसरा कसा हलतो, हे मुलांनी स्वतः करून पाहायला हवं. म्हणून मी व्याख्यांपासून सुरुवात करत नाही. एक प्रश्न विचारते : हे काढून टाकलं तर काय कोसळेल?

बारावीच्या 'युवकभारती' या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात पहिलाच धडा आर. के. नारायण यांच्या 'अॅन अॅस्ट्रॉलॉजर्स डे' या कथेचा आहे. या प्रश्नासाठी याहून चांगली कथा मला दुसरी माहीत नाही. कथा जेमतेम काही पानांची. एक ज्योतिषी रोज दुपारी टाउन हॉल पार्कमधल्या वाटेवर, चिंचेच्या झाडाखाली पथारी मांडतो. कवड्या, गूढ आकृत्यांचं कापड, एक वही, ताडपत्रांची जुडी. कपाळाला भस्म आणि कुंकू, डोक्याला भगवं पागोटं, गालांवरून उतरलेले काळे कल्ले. आजूबाजूला औषधं विकणारे, चोरीचं लोखंडी सामान विकणारे, जादूगार, स्वस्त कापडाचा लिलाव पुकारणारा. शेजारी तळलेल्या शेंगदाण्यांचा विक्रेता, जो आपल्या मालाला रोज नवं नाव देतो, एक दिवस बॉम्बे आइस्क्रीम तर दुसऱ्या दिवशी दिल्लीचे बदाम.

आमच्या मुलांना ही जागा समजावून सांगावी लागत नाही. आठवडी बाजार त्यांनी पाहिलेला आहे. पण त्या वर्णनातली एक गोष्ट त्यांच्या नजरेतून हमखास सुटते. त्या वाटेवर नगरपालिकेचा दिवा नाही. जो काही उजेड आहे तो दुकानांचा : कुठं फुसफुसणारी गॅसबत्ती, कुठं खांबाला खोचलेला पलिता, कुठं सायकलचा जुना दिवा. ज्योतिष्याचा स्वतःचा दिवा नाहीच. तो शेंगदाणेवाल्याच्या पलित्यावर आपलं काम भागवतो.

मी फळ्यावर बाग काढते, चिंच काढते आणि ज्योतिष्याच्या डोक्यावर नगरपालिकेचा एक दिवा काढते. मग विचारते, आता गोष्ट सांगा.

गेल्या वर्षीच्या वर्गात पहिलं उत्तर तिसऱ्या बाकावरून आलं. "मॅडम, मग त्यानं लगेच वळखलं असतं."

"कुणी कुणाला?"

"त्या गुरू नायकानं ज्योतिष्याला."

"आणि?"

"आणि मग काय, सुटतोय का तो!"

बरोबरच होतं. कथेचा मोठा भाग होऊन गेल्यावर, शेंगदाणेवाला पलिता विझवून घरी निघाल्यावर, एक अनोळखी माणूस, म्हणजे हा गुरू नायक, ज्योतिष्यासमोर येऊन उभा राहतो आणि त्याला आव्हान देतो. वर्षांपूर्वी गावात दारू, जुगार आणि भांडण झालं, तेव्हा ज्योतिष्यानं याच माणसाला सुरा खुपसून विहिरीत ढकललं होतं. तो मेला असं समजून हा गाव सोडून पळाला आणि पोटासाठी ज्योतिषी झाला. विहिरीत कुणीतरी डोकावलं म्हणून तो माणूस मात्र वाचला, आणि आता मारेकऱ्याला शोधत गावोगाव हिंडतोय. दिवा असता तर शोध तिथंच संपला असता.

मी पुढं जाणार इतक्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती वर्गात क्वचित बोलते. ती म्हणाली, "पण मॅडम, दिवा असता तर तो तिथं बसलाच नसता ना. त्याला लपायचंय."

तिच्या या एका वाक्यानं वर्गाला जेवढं शिकवलं, तेवढं माझ्या एका अख्ख्या तासानं शिकवलं नसतं. पहिल्या मुलानं जागा बदलून घटना बदलली होती. तिनं दाखवून दिलं की जागा आधी माणसानं निवडली, आणि ती निवडायचं कारण त्याच्या भूतकाळात आहे. सेटिंगमागं कॅरेक्टर आणि कॅरेक्टरमागं कॉन्फ्लिक्ट उभा राहिला, आणि त्यातला एकही शब्द अजून कुणी उच्चारला नव्हता. मग मी ती नावं त्यांच्या शेजारी लिहिली. या वेळी ती नावं मुलांना हवी होती.

तिच्या वाक्यानंतर आम्ही तो परिच्छेद परत उघडला. नारायण तिथं सांगतात की तो अर्धवट उजेड ज्योतिष्याला फार सोयीचा होता, कारण आयुष्यात ज्योतिषी व्हायचं असं त्यानं मुळीच ठरवलं नव्हतं. पहिल्यांदा वाचताना आपण याचा अर्थ लावतो की बिचाऱ्याला ज्योतिष येत नाही, उजेडात पितळ उघडं पडेल. शेवट कळल्यावर तेच वाक्य वाचलं की त्याला दुसरं कारण दिसतं. लगेच पुढं सांगितलेलं आहे की कुणालाही न सांगता त्याला घर सोडावं लागलं आणि दोनएकशे मैल मागं टाकेपर्यंत त्याला चैन पडली नाही. हे सगळं उघड्यावर मांडलेलं असतं, आपलंच लक्ष शेंगदाण्यांकडं असतं. पागोटं आणि कल्ले यांचंही तसंच. आधी तो धंद्याचा पोशाख वाटतो, नंतर कळतं की तो वेशांतराच्याही कामाचा आहे. या कथेतली जवळजवळ प्रत्येक वस्तू दोन कामं करते. मुलांना मी सांगते, दुसऱ्या वाचनाला उत्तरं शोधू नका, दुसरी कामं शोधा.

शेंगदाणेवाल्यावर मी मुद्दाम थांबते. गाईडमध्ये त्याला मायनर कॅरेक्टर म्हटलेलं असतं आणि मुलं त्याला विसरून जातात. पण तो घरी गेला नसता, तर ज्योतिष्यापुढचा उजेड गेला नसता. त्याच्या जाण्यानं अंधार होतो, कुठूनशी येणारी हिरव्या उजेडाची एक तिरीप तेवढी जमिनीवर उरते, आणि ती तिरीप अडवूनच गुरू नायक समोर उभा राहतो. एका गौण माणसाच्या घरी जाण्यावर मुख्य माणसाचा जीव टांगलेला आहे. त्यानंतर येते काडी. गुरू नायक चिरूट पेटवतो आणि त्या काडीच्या उजेडात ज्योतिष्याला त्याचा चेहरा दिसतो. उजेड एकाच चेहऱ्यावर पडतो. याला कळतं, त्याला कळत नाही. सगळी कथा या एकतर्फी उजेडावर तोललेली आहे, आणि तो नुसता वर्णनात रंग भरायला आलेला नाही.

इथं मुलांना एक काम देते. काडी पेटण्याआधीचं आणि नंतरचं ज्योतिष्याचं बोलणं समोरासमोर लिहा, आणि ज्या वाक्यावर त्याचा आवाज बदलतो त्यावर बोट ठेवा. आधी तो ऐटीत घासाघीस करतोय, पाच रुपये देशील का, आठ आणे देशील का. काडी विझली की तो घेतलेला आणा परत करतो, उशीर झालाय म्हणतो, मला जाऊ दे म्हणतो. लेखक कुठंही सांगत नाही की तो घाबरला कारण त्यानं ओळखलं. ही जागा सापडल्यावर वर्गात जी कुजबुज होते, तिच्यासाठी मी हा धडा दर वर्षी तितक्याच हौसेनं शिकवते.

प्लॉट शिकवताना जगभरच्या वर्गांत फळ्यावर एक डोंगर काढला जातो. चढण, शिखर, उतरण. या आकृतीचा उगम गुस्ताव फ्रायटाग या जर्मन लेखकाच्या 1863 सालच्या नाट्यतंत्रावरच्या ग्रंथात आहे. त्यानं ती मांडणी नाटकासाठी केली होती, आणि त्याच्यापुढं ग्रीक शोकांतिका आणि शेक्सपिअरची पाच अंकी नाटकं होती. पुढं ती आकृती लघुकथेलाही लावली गेली. मीही ती काढते, ती निरुपयोगी आहे असं मला वाटत नाही. पण या कथेवर ती ठेवून पाहिली की लगेच अडचण येते. सगळ्यांत मोठी घटना, तो सुरा आणि ती विहीर, कथेच्या पहिल्या वाक्याआधी कितीतरी वर्षं घडून गेलेली आहे. मग शिखर कुठं?

वर्गात तीन तट पडतात. काहींना काडी पेटली तो क्षण शिखर वाटतो. बऱ्याच जणांना ज्योतिषी त्या माणसाला 'गुरू नायक' अशी नावानं हाक मारतो तो क्षण वाटतो, कारण तिथं समोरचा माणूस हादरतो आणि बाजी उलटते. थोडे जण शेवटाकडं बोट दाखवतात. रात्री जेवण झाल्यावर ओट्यावर ज्योतिषी बायकोला सांगतो की इतकी वर्षं माझ्या हातांवर माणसाचं रक्त आहे असं मी समजत होतो, पण तो जिवंत आहे. मी तिघांनाही आपापली बाजू पुस्तकातल्या ओळी दाखवून मांडायला लावते आणि निकाल देत नाही. माझं स्वतःचं मत असं आहे की ज्योतिष्याचं शिखर काडीपाशी आहे आणि वाचकाचं ओट्यापाशी. नारायण यांनी ही दोन शिखरं लांब लांब ठेवली, आणि कथेचा सगळा ताण त्या मधल्या अंतरात आहे. परीक्षेत एकच शिखर विचारतात. मुलांना मी सांगते, कुठलंही लिहा, पण 'बिकॉज' लिहून लिहा.

'बिकॉज'साठी मी फार हट्टी आहे. ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 साली केंब्रिजमधल्या व्याख्यानांत राजा आणि राणीच्या मृत्यूचं छोटंसं उदाहरण घेऊन एक फरक दाखवला होता : एकामागून एक घडतं ती नुसती गोष्ट, एकामुळे दुसरं घडतं तो प्लॉट. माझ्या मुलांचे सारांश 'अँड देन, अँड देन' असे चालतात. त्यातला प्रत्येक 'अँड देन' खोडून तिथं 'बिकॉज' किंवा 'सो' बसतो का ते पाहा, असा गृहपाठ मी देते. जिथं बसत नाही तिथं वही घेऊन माझ्याकडं यायचं. आलेल्या जागा बहुतेक वेळा खऱ्या असतात, म्हणजे लेखकानं तिथं कारण मुद्दाम झाकून ठेवलेलं असतं.

मग कॅरेक्टर. 'क्लेव्हर, कनिंग, ग्रीडी' ही तीन विशेषणं मुलांच्या जिभेवर तयार असतात. विशेषणं मागण्याऐवजी मी हिशोब मांडते. ज्योतिषी एका प्रश्नाला तीन पै घेतो. आजच्या मुलांना पै माहीत नाही, आणा म्हणीपुरताच माहीत आहे. आपल्याकडं दशमान नाणी 1 एप्रिल 1957 पासून आली. त्याआधी बारा पैंचा एक आणा आणि सोळा आण्यांचा एक रुपया. त्या रात्री ज्योतिषी गुरू नायकानं दिलेले साडेबारा आणे घेऊन घरी येतो. साडेबारा आणे म्हणजे 150 पै, म्हणजे 50 प्रश्नांची कमाई, आणि प्रत्येक गिऱ्हाईक निदान दहा मिनिटं बोलल्याशिवाय हा तोंड उघडत नाही. आता बायकोचा आनंद कळतो. उद्या गूळ आणि नारळ आणता येईल, लेक कधीपासून गोड मागतेय. (पुस्तकातल्या आकड्यांवर मुलांनी गणित करावं हे मला फार आवडतं. इंग्रजीच्या तासाला गणित नको, असं कुणी ठरवलेलं नाही.)

आणि याच वेळी ज्योतिषी काय करतो? चिडतो. त्या डुकरानं रुपया कबूल केला होता, फसवलं! साडेतीन आणे कमी दिले. ज्याला आपण मारलं असं समजत इतकी वर्षं काढली, तो जिवंत निघाला, त्याच्या हातून मरता मरता आपण वाचलो, आणि हा माणूस साडेतीन आण्यांसाठी शिव्या घालतोय. मुलं इथं गप्प होतात. एकानं विचारलं, "मॅडम, ह्याला पस्तावा झालाच नाही का?" दुसरा म्हणाला, "झालाय, पण पैसं पण पायजेत ना." या दोन वाक्यांच्या मधे जो माणूस उभा आहे, तो तीन विशेषणांत कसा मावणार? मी त्यांना म्हणते, विशेषण लिहाच, पण त्याच्यापुढं 'बट' लिहा आणि दुसरी बाजूही लिहा.

इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचं की नाही, यावर शिक्षकांच्या खोलीत अजूनही वाद होतात. माझी बाजू स्पष्ट आहे. विचार पहिल्यांदा जिथं सुचतो त्या भाषेत सुचू द्यावा आणि मग तो इंग्रजीत उभा करायला मदत करावी. त्या मुलीचं वाक्य मी इंग्रजीत आणायला घेतलं तेव्हा एक मजेची गोष्ट झाली. 'इफ देअर हॅड बीन अ लॅम्प, ही वुड नॉट हॅव सॅट देअर.' तिसरी कंडिशनल म्हणतात तो हा वाक्यप्रकार बारावीपर्यंत मुलं सूत्र म्हणून घोकतात आणि परीक्षेनंतर विसरतात, कारण त्याची गरज कधी पडलेली नसते. हे काढलं तर काय कोसळेल, या प्रश्नाला मात्र दुसऱ्या कुठल्याच रचनेत नीट उत्तर देता येत नाही. जे घडलं नाही त्याच्याबद्दल बोलायचं तर हीच वाट. त्या तासाला फळा अशा वाक्यांनी भरून गेला. शेंगदाणेवाला लवकर गेला नसता तर. गुरू नायकला चिरूटचं व्यसन नसतं तर. विहिरीत कुणी डोकावलं नसतं तर.

या मुलांना गोष्टीची जाण नाही असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा मला वाईट वाटतं. ज्या घरांतून ती येतात तिथं श्रावणात कहाण्या वाचल्या जातात. 'आटपाट नगर होतं' म्हटलं की पुढचं वाक्य अख्खा वर्ग म्हणतो. मी एकदा आदित्यराणूबाईच्या कहाणीवर हेच घटक लावून पाहायला सांगितले. दारिद्र्य, वसा, भरभराट, मग उतणं-मातणं आणि वशाचा विसर, हाल, आणि परत वसा. कॉन्फ्लिक्ट कुठला हे कुणाला विचारावं लागलं नाही, 'उतू नको, मातू नको' यातच तो आहे. एका मुलानं मात्र विचारलं की आटपाट नगरात दिवा आहे की नाही हे का सांगत नाहीत? फार नेमका प्रश्न होता. कहाणीतलं नगर कुठलंही असायला हवं, कारण वसा ऐकणाऱ्या प्रत्येकीनं तो आपल्या घरी घ्यायचा असतो. नारायण यांच्या कथेला ती एकच वाट लागते. दोन्ही प्रकारच्या गोष्टी मुलांच्या हाताशी आहेत. शाळेनं फक्त त्यांची ओळख करून द्यायची राहते.

लिहिण्याचा भाग याहून अवघड. दहावीपासून गोष्ट लिहायचा प्रश्न असतो, आरंभ दिलेला असतो किंवा मुद्दे दिलेले असतात. मुलं 'देअर वॉज अ व्हिलेज' असं सुरू करतात आणि शेवटी 'ऑनेस्टी इज द बेस्ट पॉलिसी'. मधे लाकूडतोड्या, कावळा किंवा राजा. स्वतःच्या गावाचं एक झाड, एक वाट, एक नाव त्यात नसतं. यावर मी एकच अट घातली : तुमच्या गावातली एक अशी गोष्ट पहिल्या परिच्छेदात आली पाहिजे, जी शेवटच्या परिच्छेदात काम करेल.

एका मुलानं रात्रीच्या लाइटवर लिहिलं. आमच्याकडं शेतीपंपाला वीज पाळीनं मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की मध्यरात्री उठून मोटर चालू करायला शेतात जायचं, पिकाला पाणी द्यायला दारं धरायची. त्याच्या कथेत बाप आणि मुलगा बॅटरी घेऊन निघतात. पाटाला पाणी कमी येतंय. चालत वर गेल्यावर दिसतं की कुणीतरी बांधापाशी पाट फोडून पाणी आपल्या रानात घेतलंय. काळोखात कुणीतरी खोकतं. खोकल्यावरून मुलगा ओळखतो, चुलता आहे. तो बापाकडं बघतो. बाप बॅटरी बंद करतो, दोघं अंधारातच पाट बुजवतात आणि घरी येतात.

इंग्रजी अडखळतं होतं. काळ मागेपुढे झाले होते, चुलत्यासाठी एका जागी 'अंकल' आणि एका जागी 'फादर्स ब्रदर' होतं. पण जागा, वेळ, माणसं, पेच सगळं एकमेकांत गुंतलेलं होतं. दिवसाची पाळी असती तर ही कथा झालीच नसती, कारण उजेडात बापाला बोलावं लागलं असतं. बापानं बॅटरी बंद केली हे त्या मुलाला कुणी शिकवलं नाही. तो मला म्हणाला, "मॅडम, मोरल काय टाकू?" मी म्हटलं, टाकू नकोस. त्याला ते पटायला वेळ लागला, कारण मोरल नसेल तर गुण कापतात अशी त्याची समजूत होती. मी ती कथा वर्गात वाचून दाखवली. सगळ्यांत जास्त चर्चा बापावर झाली. तो भित्रा की समजूतदार, यावर तास संपला तरी वाद चालू होता.

पॉइंट ऑफ व्ह्यू हा घटक बहुतेक ठिकाणी शेवटी, घाईत उरकला जातो. फर्स्ट पर्सन, थर्ड पर्सन, पुढचा धडा. मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण गोष्ट कोण सांगतंय हे बदललं की कोण काय लपवू शकतो तेही बदलतं. ज्योतिष्यानं स्वतः 'मी' म्हणून ही कथा सांगितली असती तर काडीचा क्षण लपवता आला असता का? गुरू नायकनं सांगितली असती तर? त्याच्या कथेत तर ज्योतिषी खरोखर त्रिकालज्ञ आहे. ज्योतिष्यानं सांगितलं तसा आपला शत्रू लॉरीखाली चिरडून मेला, असं गुरू नायक आयुष्यभर लोकांना सांगत फिरेल. आणि बायकोनं सांगितली असती तर?

शेवटचा प्रश्न मी लिहायला दिला. वर्गात एक मुलगी आहे जिचे आईवडील दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. ती आजीपाशी राहून शिकते. लहानपणी तीही कारखान्याच्या फडावर, कोपीत राहिलेली आहे. पैसे मोजणारी बाई तिनं जवळून पाहिली आहे. तिच्या कथेची सुरुवात गुळानं होते, किती आण्याचा आणायचा आणि किती उरवायचे. मग नवरा ओट्यावर सगळं सांगतो आणि लगेच झोपी जातो. मूळ कथेत बायको एवढंच दचकून म्हणते की तुम्ही मारायला निघाला होता! तिला उत्तर असं मिळत नाही, तरुणपणचा मूर्खपणा म्हणून तो विषय संपवतो. त्या मुलीनं तिला आणखी एक प्रश्न विचारायला लावला. तो मेला नाही हे तेव्हाच कळलं असतं, तर तुम्ही गाव सोडलं नसतं. मग मी कोण असते?

इंग्रजीत तिनं तिसरी कंडिशनल अर्धी चुकवली होती. मी ती वहीत दुरुस्त केली आणि बाकी कशाला हात लावला नाही. नारायण यांनी त्या ज्योतिष्याच्या तोंडी एक वाक्य घातलेलं आहे, की त्या खुनाच्या भीतीमुळेच मी पळालो, इथं स्थायिक झालो आणि तुझ्याशी लग्न केलं. मी हा धडा इतका शिकवला आहे, आणि त्या वाक्यात बायकोच्या आयुष्याचं काय होतं, याकडं माझं लक्ष त्या मुलीनं वळवलं. आता मी ते वाक्य फळ्यावर लिहिते आणि विचारते, हे ऐकणारी कोण आहे?

पुढच्या महिन्यात कादंबरीचा विभाग सुरू होईल. त्यात ज्यूल व्हर्नच्या 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'मध्ये दिवा काढायचा प्रश्न दुसऱ्या रूपात येतो : ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारायची पैज लावणारा फिलिअस फॉग पूर्वेकडं न जाता पश्चिमेकडून फिरला असता तर? पूर्वेकडं जाताना त्याला नकळत एक दिवस मिळतो आणि पैज तो त्याच्या जोरावर जिंकतो. उलट्या दिशेनं गेला असता तर दिवस गेला असता. नकाशा आणि घड्याळ घेऊन तो तास घ्यायचा, भूगोलाच्या सरांनाही बोलवायचं असं ठरवलंय. त्यानंतर शेरलॉक होम्सची 'द साइन ऑफ फोर'. तिथं पहिला प्रश्न तयार आहे. सगळं आधी होम्सला कळतं, मग गोष्ट त्याचा मित्र वॉटसन का सांगतो? आणि तो होम्सकडं मदत मागायला आलेल्या मेरी मॉर्स्टनच्या प्रेमात पडलेला असताना, तिच्याबद्दल त्यानं लिहिलेल्या कुठल्या ओळींवर आपण पेन्सिलनं खूण करून ठेवावी?